आधी नाव, मग वस्तू

पोरी,

महिन्यातला एक रविवार पुण्याहून येऊन सैनिकांच्या खोलीला देईन म्हणालीस, तेव्हा फोनवर मी नुसतं ‘बरं’ म्हणालो. एवढं सगळं फोनवर सांगता येत नाही, म्हणून लिहितो आहे. पलटणीतून पेन्शन घेऊन आलो तेव्हापासून आम्ही चारदोन माजी सैनिक, हायस्कूलचे निवृत्त गुरुजी आणि शेजारच्या गावातला एक फोटोवाला मिळून सैनिकांच्या वस्तू जपणारी ही खोली चालवतो. पगार कुणालाच नाही, अनुदानही नाही. नवीन येणाऱ्याला पहिल्या दिवशी काही गोष्टी सांगून ठेवाव्या लागतात. त्या सांगायला आता माझ्यापेक्षा मोठं कुणी उरलं नाही.

पहिली आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ही खोली नावं सांभाळायला आहे. इराकमध्ये बसऱ्याला पहिल्या महायुद्धाचं एक स्मारक आहे. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि कबरही न सापडलेल्या ४० हजारांवर माणसांसाठी ते उभारलं. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांचे मात्र पलटणीवार नुसते आकडे आहेत. आपली माणसं तिथंच गेली. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला पडलेला वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनं संपला. घोडी, खेचरं कापून खाल्ली, आणि जे जगले त्यांतले कितीतरी पुढं कैदेत दगावले. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या मिलिटरी अपशिंगे या एका गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात गेले. तिथं दगडावर तसं कोरलेलं आहे म्हणून ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक. ज्या गावात दगड लागला नाही, तिथल्या माणसांचं काय? ते काम या खोलीचं.

म्हणून कुणी पिशवीतून काही घेऊन आलं की आधी वस्तूकडं पाहू नकोस. आणणाऱ्याला बसव, पाणी दे आणि विचार, हे कुणाचं? पूर्ण नाव, वडिलांचं नाव, भावकी, पलटण, नंबर ठाऊक असेल तर नंबर, आणि घरात त्याला काय म्हणायचे तेही. माणूस दारात उभा आहे तोवरच हे सगळं लिहून घ्यायचं, कारण ‘पुढच्या वेळी सांगतो’ म्हणून गेलेला म्हातारा पुढच्या वेळी असेलच असं नाही. नाव नसलेलं पदक मोडीत जातं, सोनार त्याचं वजन करतो. नाव लागलं की त्याच पदकासमोर पणतू हात जोडून उभा राहतो.

मोठं रजिस्टर कपाटात वरच्या फळीवर आहे. प्रत्येक वस्तूला एक नंबर, आल्याची तारीख, कुणी दिली, कशी दिसते, किती लांब-रुंद, कुठं फुटली-फाटली आहे, हे सगळं त्यात. वस्तूला सुती दोऱ्यानं कागदी चिठ्ठी बांधायची आणि तीवर पेन्सिलनं लिहायचं. बॉलपेनची शाई पसरते, दमटपणात डाग पडतो. वस्तूवर काहीही लिहायचं नाही, स्टिकर तर अजिबात नको. रजिस्टरात मी दोन रकाने वेगळे ठेवले आहेत, ते तसेच चालू दे. एकात कागदावर सापडतं ते, दुसऱ्यात घरच्यांनी सांगितलेलं. आजी म्हणाली, ‘ह्यांनी एकट्यानं तोफ पकडली,’ तर तिच्याच शब्दांत दुसऱ्या रकान्यात लिही. खोटं म्हणू नकोस आणि पहिल्या रकान्यातही घालू नकोस.

आता कागदाची बाजू. वस्तू कायमची दिली की ठेवायला दिली, हे त्याच दिवशी ठरव. कायमची असेल तर देणगीपत्र, ठेवायला असेल तर ठेवपावती, आणि दोन्हींवर शक्यतो सगळ्या भावंडांच्या सह्या. थोरल्यानं आणून दिलेलं पदक धाकट्यानं मागायला यावं आणि दोघांत आपण सापडावं, हे या कामात ठरलेलं आहे. म्हाताऱ्याचं तेरावं झालं की पदकं आठवतात. सह्या असल्या की दोघांनाही चहा पाजून शांतपणे कागद दाखवता येतो. ‘कायम भिंतीवर लावू’ असा शब्द मात्र कुणालाही देऊ नकोस. जागा एवढीशी आहे.

बंदूक, जिवंत काडतूस, हातबॉम्ब किंवा तोफेचा गोळा कुणी आणला, तर त्याला हात लावायचा नाही. ‘तो तर रिकामाच आहे’ असं सगळेच म्हणतात. माळ्यावर पन्नास वर्षं पडलेला गोळा रिकामा आहे की नाही हे तू-मी ठरवायचं नसतं. जिथं असेल तिथं ठेवायचा, माणसं लांब करायची आणि पोलीस पाटलांना फोन करायचा. त्यांनी ठाण्याला कळवलं की पुढचं बॉम्बशोधक पथक बघेल. कायद्याचं आणखी एक, शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो. असली वस्तू परदेशी पाठवता येत नाही आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. कुणी पैसे दाखवून काही मागायला आला तर त्याला बाहेरूनच रामराम घाल.

जपणुकीचं सांगतो, कारण सगळ्यांत जास्त नुकसान प्रेमानं होतं. पहिल्या महायुद्धात गेलेल्या प्रत्येकाच्या घरी ब्रिटिश सरकारनं एक काशाची गोल तबकडी पाठवली होती. हाताच्या पंजाएवढी, बारा सेंटिमीटरची. तीवर सिंह आहे, शेजारी हातात हार घेतलेली बाई आहे आणि एका चौकटीत उठावदार अक्षरात त्या जवानाचं नाव. हुद्दा कुणाचाच नाही, साहेब असो की शिपाई, नुसतं नाव. आपल्या खोलीतली तबकडी शंभर वर्षं देवघरात होती. सासू गेली की सून, तिच्यामागून नातसून, दर दिवाळीला चिंच-मीठ लावून ती घासायची. देवाच्या भांड्यांसारखी लख्ख केली तिला, आणि नाव गेलं. खिडकीशी उजेडात तिरपी धरलीस तर पहिलं अक्षर आणि शेवटची दोन अक्षरं तेवढी अजून बोटाला लागतात. त्या घरच्या बायकांना मी एका शब्दानं बोललो नाही, कारण त्यांनी पूजा केली होती. पण इथून पुढं पितळ, कासं, चांदी काहीही घासायचं नाही. पदकाच्या कडेवरही नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेलं असतं, तेही असंच झिजतं. मऊ सुती फडक्यानं धूळ पुसायची, बस्स. काळपट दिसलं तर दिसू दे.

पदकाची फीत उजेडानं विटते, म्हणून खिडकीला मांजरपाटाचा पडदा आहे. तो दिवसा सरकवू नकोस. कागदाला लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, फेविकॉल नको. डिस्चार्जचं पुस्तक, पत्रं, पेन्शनचे कागद यांची रंगीत झेरॉक्स भिंतीवर लागते आणि अस्सल कागद कपाटात राहतो. पाहणाऱ्याचं काही बिघडत नाही. काचेला चिकटलेला जुना फोटो ओढून काढायचा नाही. काचेसकट त्याचा फोटो घे आणि आहे तसा ठेव. लोकरीच्या कोटाला कसर लागते, तो धुतलेल्या मांजरपाटात सैल गुंडाळ. नवं कापड आधी धुऊन खळ काढायची. चामड्याच्या पट्ट्याला खोबरेल तेल चोळायला म्हातारे सांगतील, ऐकू नकोस, बुरशी धरते.

मृगाआधी पत्रा बघायचा, खिळ्यांची वायसरं बदलायची. कपाटं विटांवर ठेवली आहेत आणि भिंतीपासून चार बोटं लांब आहेत, ती कुणी झाडताना सरकवली असतील तर परत ओढ. वाळवी भिंतीतूनच येते. पाऊस सरला आणि ऑक्टोबरची उन्हं पडली की सगळं सावलीत वारं लागेल असं मांड, उन्हात नाही.

पैशाचं थोडक्यात. दानपेटीला दोन कुलुपं आहेत, दोन माणसांकडं दोन किल्ल्या, आणि पेटी उघडताना दोघंही हजर पाहिजेत. प्रत्येक रुपयाला पावती. ज्यांना आयकरात ८०जी ची सवलत हवी, त्यांना आधीच सांग की २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर ती मिळत नाही, चेकनं किंवा यूपीआयनं द्या. यात्रेला मुंबईकर मंडळी गावी येतात, तेव्हा मन मोठं असतं आणि कुणीतरी एकदम मोठी रक्कम जाहीर करतं. घ्यावी, मान ठेवावा. पण त्याच्याशी बसून बोल, की वर्षाचं विजेचं बिल तुमच्याकडं राहू द्या, नाहीतर वाळवीच्या औषधाचं. नवीन कपाट द्यायला दहा जण पुढं येतात, बिल भरायला एकही नाही, आणि खोल्या बंद पडतात त्या बिलानं. देणगीदाराचं नाव कपाटावर जरूर लिहायचं. फक्त जवानाच्या नावापेक्षा त्याची अक्षरं मोठी नकोत, मग देणारा कितीही मोठा असो.

खोली रविवारी सकाळी नऊ ते बारा उघडते. पाटीवर ‘रोज उघडे’ लिहू या असा आग्रह दरवर्षी कुणीतरी धरतं. ते होऊ देऊ नकोस. दूरच्या गावाहून एसटीनं आलेल्या माणसाला दाराला कुलूप दिसलं तर तो पुन्हा येत नाही. तीनच तास, पण चुकायचे नाहीत. आणि खोलीत एकट्यानं बसायचं नाही, कायम दोघं.

बाया आल्या की त्यांना आमच्यासारख्या पेन्शनरांच्या गराड्यात बसवू नकोस. तू वेगळी घेऊन बस, मोबाईलवर रेकॉर्डिंग लाव, आधी विचारून. ‘युद्धात काय झालं’ असं विचारलंस तर त्या म्हणतील, ‘मला काय ठावं, ह्यांनाच ठावं.’ मनीऑर्डर कोण घेऊन यायचं, पत्र कोण वाचून दाखवायचं, उत्तर कोण लिहायचं, तार आली तेव्हा घरात काय शिजत होतं, हे विचार. मग दुपार होते तरी बोलणं संपत नाही. तू यावंस असं मला वाटलं ते मुख्यतः याचसाठी. आम्हा पुरुषांसमोर त्या बोलत नाहीत.

शाळेची पोरं आली की तारखा पाठ म्हणून दाखवू नकोस, एकच गोष्ट नीट सांग. मी जमालपूरची सांगतो. डिसेंबर १९७१, मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजे आपली १७६८ ची जंगी पलटण, जमालपूरला वेढा घालून होती. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी लिहिली आणि सायकलवरून एका म्हाताऱ्या माणसाच्या हाती पाठवली. समोरच्या पाकिस्तानी कर्नलचं उत्तर आलं, आणि त्या कागदासोबत बंदुकीची एक गोळी. एवढं सांगून थांब. मग पोरांना विचार, तो सायकलवाला परत येताना काय विचार करत असेल? पोरं बोलायला लागतात. यशवंत घाडगे, नामदेव जाधव या व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांची नावं त्यांना पुस्तकात, पुतळ्यावर भेटतीलच. आपल्याकडं खेचरवाला, भिस्ती, लंगरचा आचारी हेही भिंतीवर आहेत. कैदेतून परतलेले आहेत. एक भाऊ मराठा पलटणीत आणि दुसरा आझाद हिंद सेनेत, असं एक घर आहे, त्यांचे फोटो शेजारी-शेजारी आहेत. कुणी म्हणालं यातला एक काढा, तर काढायचा नाही.

तुझ्याकडं लॅपटॉप आहे, म्हणून एक काम खास तुझं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांची नावं शोधता येतात, काहींसमोर बापाचं आणि गावाचं नावही असतं. जुनी इंग्रजी स्पेलिंगं वेडीवाकडी आहेत. मराठा लिहिताना एम-ए नंतर एच आणि शेवटी दोन टी घाल. पवार पी-ओ नंही लिहिलेला सापडेल. गावाचं नाव चार तऱ्हांनी लिहून बघ, तालुका टाकून बघ, जिल्हा टाकून बघ. ज्या घरी आपला माणूस कुठं गेला हेच ठाऊक नाही, त्या घरांची यादी गुरुजींकडं आहे. एक जरी नाव लागलं तरी कागद छापून स्वतः त्या घरी जाऊन दे, फोनवर सांगू नकोस. स्कॅन केलेलं सगळं तीन ठिकाणी ठेव. एक खोलीत, एक तुझ्याकडं, एक गुरुजींकडं.

संस्था नोंदलेली आहे, दरवर्षी ऑडिट होतं आणि विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो राहिला की बँकेत सह्या अडतात, सह्या अडल्या की वीज तुटते. माझे गुडघे आता कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत चढू देत नाहीत. पुढच्या सभेत माझ्या जागी तुझं नाव सुचवणार आहे, गुरुजींशी बोललो आहे. येताना आधार आणि पॅन कार्डच्या दोन-दोन झेरॉक्स आण, पासपोर्ट साईझचे फोटो आण, आणि सही कुठल्या भाषेत करायची ते एकदाच ठरव, पुढं बदलत बसू नकोस.

तुझा,
काका