स्वस्त पॅड घ्या, पण आधी डिस्क वाचा

सिंहगडाचा घाट उतरत होतो. उजव्या हाताचा ब्रेक दाबला आणि लिव्हर थेट हँडलला टेकली. आधी ‘टक्’ असा बारीक आवाज आला आणि मागोमाग लोखंडावर लोखंड घासल्याची कर्कश किंचाळी. उजवा म्हणजे पुढचा ब्रेक. मागचा जीव खाऊन दाबला, पण जुलैच्या पावसात, तशा उतारावर, एकट्या मागच्या चाकाने सायकल थांबत नाही. समोर वळण होतं, खालून एक गाडी चढत होती. मी सायकल डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. दुसऱ्या बाजूला दरी होती, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

पुढच्या ब्रेकचे पॅड मी आदल्याच रात्री घरी बसवले होते. ऑनलाइन घेतलेले, चार जोड्या तीनशे रुपयांना. पाकिटावर कंपनीचं नाव नव्हतं, पण ‘सिंटर्ड’ हा शब्द ठळक होता. सिंटर्ड पॅड पावसात चांगले, जास्त टिकतात, असं ऐकून होतो, आणि ते ऐकलेलं खोटंही नव्हतं. आकार जुन्या पॅडशी जुळला, पिन बसली, चाक फिरलं. पहाटे पाचला निघालो.

प्लास्टर उतरल्यावर सायकल ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी पुढचे पॅड काढून माझ्या तळहातावर ठेवले. एका पॅडवर लायनिंग, म्हणजे डिस्कवर घासणारा थर, होतं. दुसऱ्यावर नुसती लोखंडी पट्टी, साफ गुळगुळीत, मधोमध वाळलेल्या गोंदाचा पिवळट डाग. वाळलेल्या चिखलाची खपली निघावी तसं लायनिंग अख्खंच्या अख्खं सुटून घाटात कुठेतरी पडलं होतं. ‘‘दादा, हे बघा,’’ म्हणत त्यांनी जुन्या डब्यातून एक झिजलेला चांगला पॅड काढून शेजारी ठेवला. त्याच्या पट्टीला दोन छिद्रं होती आणि लायनिंग त्या छिद्रांत शिरून घट्ट बसलेलं होतं. मग त्यांनी डिस्क फडक्याने पुसली आणि दांडीवरच्या बारीक कोरीव अक्षरांवर नख ठेवलं. ‘‘आणि हे वाचलंत का कधी?’’ तिथे इंग्रजीत कोरलं होतं: फक्त रेझिन पॅड वापरा.

दोन वर्षं ती डिस्क माझ्या डोळ्यांसमोर फिरत होती.

म्हणून पहिली गोष्ट तीच सांगतो. पॅड घेण्याआधी चाक काढा, डिस्क पुसा आणि तिच्यावर काय कोरलंय ते वाचा. आपल्याकडच्या बहुतेक परवडणाऱ्या एमटीबींवर, म्हणजे माउंटन बाइकवर, जी डिस्क येते तिचं पोलाद तुलनेने मऊ असतं आणि ती रेझिनसाठीच बनवलेली असते. तिच्यावर सिंटर्ड, म्हणजे धातूचा पॅड लावला तर पॅड टिकतो, पण डिस्क भराभर झिजते, आणि ब्रेकही मनासारखा धरत नाही. शिमानोची नवी डिस्क साधारण १.८ मिलिमीटर जाड असते, १.५ वर आली की बदलायची, असं कंपनीच सांगते. म्हणजे सगळा खेळ ०.३ मिलिमीटरचा. पॅडवर शंभर रुपये वाचवून डिस्क घालवली तर बचत कसली?

रेझिन, ज्याला ऑरगॅनिकही म्हणतात, हा पॅड थंड असतानाही चटकन धरतो, आवाज कमी करतो आणि डिस्कला जपतो. त्याचे दोष दोन. लांब उतारावर तापला की पकड सैल पडते, आणि पावसात, चिखलात तो फार लवकर संपतो. सिंटर्ड म्हणजे धातूची भुकटी दाबून, तापवून घट्ट केलेला पॅड. तो उष्णता आणि पाणी दोन्ही चांगलं सोसतो, पण ओला झाला की ओरडतो, आणि त्याला तितकीच कडक डिस्क लागते. सेमी-मेटॅलिक दोन्हींच्या मधला. मात्र तुमच्या डिस्कला तो चालतो का, हे आधी विचारून घ्या. शहरात आणि टेकडीवर चालवणाऱ्याला रेझिन पुरतो. वर्षभर सह्याद्रीचे घाट उतरणाऱ्याने डिस्क बदलून मग सिंटर्डकडे जावं. उलट क्रमाने नको.

उष्णतेचं लोकांना खरं वाटत नाही, म्हणून मी हिशोब मांडून दाखवतो. सायकल आणि मी मिळून ८५ किलो. घाटात ५०० मीटर उंची उतरलो तर सुमारे ४१५ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. तेवढ्यात सव्वा लिटर पाणी खळखळून उकळतं. काही वाटा वारा आणि टायर उचलतात. बाकीची सगळी उष्णता दोन पातळ डिस्क आणि अंगठ्याएवढ्या चार पॅडमध्ये शिरते. नुसत्या गोंदावर चिकटवलेला थर तिथे किती टिकणार? म्हणूनच ब्रेक सतत घासत उतरू नये. वळणाआधी जोरात दाबावा, मग सोडून द्यावा, डिस्कला वारा लागू द्यावा.

आता आकाराचं. पॅडचे आकार डझनांनी आहेत आणि दुकानात ‘एमटीबीचा पॅड द्या’ म्हणून भागत नाही. पॅड ज्यात बसतात त्या कॅलिपरवरचा मॉडेल नंबर लिहून न्या किंवा जुना पॅडच न्या. शिमानोच्या साध्या दोन पिस्टनच्या ब्रेकला बी-०५-एस हा रेझिन पॅड बसतो. तो जुन्या बी-०१-एस आणि बी-०३-एसच्या जागी चालतो. टेक्ट्रोच्या अनेक ब्रेकमध्येही हाच आकार आहे, तारेवर चालणाऱ्या काही डिस्क ब्रेकमध्येसुद्धा. त्यामुळे हा आकार स्वस्तही आहे आणि सहज मिळतो. मी आता हाच घेतो. एका जोडीला त्या चार जोड्यांपेक्षा जास्त पैसे मोजतो, आणि मला तो खर्च वाटत नाही.

मूळ कंपनीचाच पॅड हवा असं मी म्हणणार नाही. फक्त पॅडच बनवणाऱ्या, आपलं नाव पाकिटावर छापणाऱ्या कंपन्यांचे पॅड बरेचदा स्वस्त आणि उत्तम असतात. माझं म्हणणं एवढंच की पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव हवं, कोणत्या ब्रेकसाठी आणि कोणत्या मिश्रणाचा हे लिहिलेलं हवं. तरीही पैसे कमीच असतील तर चांगली जोडी पुढे लावा. ब्रेक दाबल्यावर वजन पुढच्या चाकावर येतं आणि थांबवण्याचं बहुतेक काम तेच करतं.

बसवतानाची माझी दुसरी चूक अशी की नवे पॅड मी रुळवलेच नाहीत. सपाट, रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेग घ्या, ब्रेक लावून चालण्याच्या वेगापर्यंत या, चाक लॉक होऊ देऊ नका, पुन्हा वेग घ्या. असं वीसेक वेळा, पुढे आणि मागे वेगवेगळं. लायनिंगचा पातळ थर डिस्कवर चढतो आणि मगच खरी पकड येते. त्या वीस वेळांत माझा पॅड सुटला असता तर सुटला असता कॉलनीच्या रस्त्यावर.

आणि तेल. आपल्याकडे चेन डिझेलने किंवा रॉकेलने धुतात. ते धुताना डिस्कवर उडालं की पॅड ते शोषून घेतो आणि मग बहुधा फेकूनच द्यावा लागतो. कितीतरी चांगले पॅड झिजून नव्हे, असे वाया जातात. चेनला तेल देताना डिस्कवर फडकं टाका, स्प्रे वापरू नका, डिस्कला बोट लावू नका. पुसायची असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड. चकाकी आलेला पॅड काचेवर पॉलिश पेपर ठेवून हलका घासला तर सुधारतो. तेल प्यायलेला सहसा सुधारत नाही. घासताना निघणारी भुकटी तोंडाने फुंकू नका, ओल्या कापडाने टिपा.

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये पिस्टन आपोआप पुढे सरकतो, त्यामुळे पॅड संपत आलेला लिव्हरवर कळतच नाही. तो डोळ्यांनीच बघावा लागतो. शिमानोची मर्यादा ०.५ मिलिमीटर आहे. मी १ मिलिमीटरला बदलतो, कारण चिखलात उरलेला अर्धा मिलिमीटर एका दिवसातही जातो. जुने पॅड काढल्यावर पिस्टन पुसून घ्या, प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने हळूच मागे ढकला, आणि चाक बाहेर असताना कोणालाही, विशेषतः घरातल्या मुलांना, ब्रेक दाबू देऊ नका. पिस्टन बाहेर आले की ते परत बसवणं मेकॅनिकचं काम होऊन बसतं.

येत्या रविवारी घाटात जाणार असाल तर शनिवारी संध्याकाळी चाक काढा, डिस्क वाचा, पॅड हातात घेऊन उजेडात बघा. पट्टीपासून लायनिंगची कड जराही उचललेली दिसली, तर त्या रविवारी जाऊ नका.