पुसलेल्या प्रणालीची उरलेली नोंद

प्रश्न : विंडोजशेजारी बसविलेल्या उबंटूचा विभाग पुसून टाकल्यापासून संगणक 'ग्रब रेस्क्यू' एवढेच दाखवून थांबतो. आंब्याच्या हंगामाचा सारा हिशेब गेला काय?
— एक बागायतदार, रत्नागिरी

उत्तर : विंडोजच्या विभागास आपण हात लावला नसेल, तर हिशेब जागच्या जागी आहे; 'नवी प्रतिष्ठापना करा' असा सल्ला कोणी दिल्यास तो कृपया मानू नका. जुन्या धाटणीच्या यंत्रात चकतीच्या पहिल्या ५१२ बाइटांत आरंभाची आज्ञावली व विभागांचे कोष्टक असते. उबंटूने तेथे बसविलेला 'ग्रब' आपला उर्वरित भाग उबंटूच्याच विभागात शोधतो. घर पाडले तरी दप्तरातील उतारा जुनाच राहावा, तशी ही अवस्था आहे.

म्हणून दुसऱ्या संगणकावर विंडोजचा प्रतिष्ठापना-पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून यंत्र सुरू करावे, 'रिपेअर युवर कॉम्प्युटर' निवडून कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि 'बूटरेक /फिक्सएमबीआर' हा हुकूम इंग्रजी अक्षरांत द्यावा. तो केवळ आरंभाची आज्ञावली बदलतो, कोष्टक अबाधित ठेवतो. 'इन्स्टॉल'चे बटन मात्र चुकूनही दाबू नये.

यंत्र यूईएफआय पद्धतीचे असल्यास हा हुकूम निरुपयोगी होय. तेथे सेटिंगमधील आरंभक्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' अग्रस्थानी आणल्याने बहुधा कार्यभाग साधतो. यंत्र सुरू होताच हिशेबाची एक प्रत बाहेरच्या चकतीवर घ्यावी, आणि मगच रिकाम्या विभागाची विल्हेवाट लावावी.