वाचनकक्षाचं नूतनीकरण: पैसे आधी कुठे घालावेत?

पुण्यात सदाशिव पेठेतल्या किंवा नवी पेठेतल्या खासगी अभ्यासिकेत एका खुर्चीसाठी विद्यार्थी महिन्याला साधारण हजार ते दीड हजार रुपये मोजतात. यातल्या कित्येकांनी आपल्या महाविद्यालयाचं किंवा विद्यापीठाचं ग्रंथालय शुल्क आधीच भरलेलं असतं. फुकटची खुर्ची सोडून पोरं विकतच्या खुर्चीवर जाऊन बसतात, याहून स्पष्ट अभिप्राय कोणता हवा? तरीही नूतनीकरणाचा विषय निघाला की बैठकीत पहिला कागद येतो तो फॉल्स सीलिंग आणि रंगीत सोफ्यांच्या चित्राचा.

ग्रंथपाल, प्राचार्य, संस्थाचालक आणि विद्यार्थी प्रतिनिधींना उपयोगी पडावा म्हणून हा हिशेब मांडतो आहे. कक्ष धरला आहे ४० बाय ३० फुटांचा, म्हणजे १,२०० चौरस फूट. ग्रंथालयाच्या इमारतींसाठी असलेलं आयएस १५५३ हे भारतीय मानक एका वाचकामागे २.३३ चौरस मीटर, म्हणजे साधारण २५ चौरस फूट जागा धरतं. त्या मापाने इथे ४८ जण बसतील. दर पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांतले अंदाजे बाजारभाव आहेत आणि त्यांत जीएसटी धरलेला नाही. तालुक्याच्या गावी मजुरी कमी पडते, पण मालाचं गाडीभाडं वाढतं.

आधी तक्रारी वाचा

नॅकच्या मूल्यांकनासाठी विद्यार्थ्यांचे अभिप्राय दरवर्षी गोळा होतात आणि बहुधा फाइलमध्येच राहतात. ती फाइल काढा. मात्र ‘ग्रंथालयाच्या सुविधांबाबत आपण समाधानी आहात का’ या प्रश्नाच्या उत्तरावर कामाचं अंदाजपत्रक बनत नाही. त्यापेक्षा आठवडाभर सकाळी अकरा, दुपारी चार आणि संध्याकाळी सात वाजता कक्षात फेरी मारून कुठल्या खुर्च्या आधी भरतात ते नकाशावर टिपा. प्लगजवळच्या आणि पंख्याखालच्या जागा आधी जातात, दाराजवळच्या शेवटी. याला खर्च शून्य. जे ग्रंथालयात येतच नाहीत त्यांनाही विचारा. त्यांच्या उत्तरांत बरेचदा स्वतःची पुस्तकं आत न्यायला असलेली बंदी, लवकर होणारी बंद व्हायची वेळ आणि मुलींचं स्वच्छतागृह निघतं. यातली पहिली गोष्ट तर एका परिपत्रकाने सुटते.

खरा खर्च विजेचा, आणि तो आधी करावा

४८ जणांनी एकाच वेळी ६५ वॉटचा लॅपटॉप चार्जर लावला तर भार होतो ३,१२० वॉट, म्हणजे तीन किलोवॉटहून जास्त. जुन्या इमारतीतलं वायरिंग दिवे-पंख्यांपुरतं असतं. त्यावर एक्स्टेन्शन बोर्डांची माळ लावणं हा आगीला दिलेला परवाना आहे. म्हणून महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार आधी तपासा आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून अर्थिंग मोजून घ्या.

दोन खुर्च्यांमध्ये एक, असे २४ बोर्ड धरले आणि एका बोर्डाला वायर-मजुरीसह १,२०० ते १,५०० रुपये धरले तर २९ ते ३६ हजार होतात. स्वतंत्र डीबी, एमसीबी, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) आणि मुख्य केबल यांचे १५ ते २० हजार. नवीन अर्थिंगचे आणखी ८ ते १२ हजार. आरसीसीबी दोन-चार हजारांचाच असतो, तरी दरपत्रकातून सर्वांत आधी तोच गळतो. तो गळू देऊ नका. वायर भिंतीवरच्या केसिंग पट्टीतून नेली तर स्वस्त पडते. मधल्या टेबलांपर्यंत मात्र ती फरशीखालूनच न्यावी लागते, आणि फरशी फोडायचे पैसे ठेकेदार नंतर ‘जादा काम’ म्हणून लावतो. ते आधीच लिहून घ्या.

उजेडाचा हिशेब कुणालाही करता येतो. वाचायच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स उजेड चांगला मानतात. आपला कक्ष १११ चौरस मीटरचा, म्हणजे ३०० लक्ससाठी सुमारे ३३ हजार ल्युमेन टेबलावर पोचायला हवेत. भिंती, धूळ आणि अंतर यांत निम्मा उजेड जातो असं धरलं तर लावायला हवेत ६६ ते ७० हजार. २० वॉटची एलईडी ट्यूब साधारण २,००० ल्युमेन देते, म्हणजे ३४ ते ३६ ट्यूबा. फिटिंग आणि पॉइंटसह ३० ते ३५ हजारांत हे काम होतं. ट्यूबा टेबलांच्या रांगांवर याव्यात, छताच्या नक्षीवर नव्हे. आर्किटेक्टच्या चित्रातले छतात बसवलेले गोल दिवे दिसायला छान असतात, पण वाचणाऱ्याच्या पानावर त्याच्याच डोक्याची सावली पडते.

पंखे बीएलडीसी घ्या. साधा पंखा ७५ वॉट खातो, हा तीसच्या आसपास. रोज १४ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर दहा पंख्यांमागे सुमारे १,९०० युनिट वाचतात; युनिटला दहा रुपये धरले तर १९ हजार. दहा पंख्यांचा खर्च तीसेक हजार, म्हणजे दीड-पावणेदोन वर्षांत वसूल.

एसीचा मोह इथेच आवरावा. एवढ्या कक्षाला, एवढ्या माणसांना दीड टनाचे सात-आठ एसी लागतील. पाइप-स्टॅबिलायझरसह चार लाखांच्या पुढे, वर वाढीव मंजूर भार, आणि रोजचं बिल हजाराच्या घरात. ज्या संस्थेला हे बिल जड जातं तिथे दुसऱ्या उन्हाळ्यात रिमोट कार्यालयाच्या कपाटात जातो. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यापुरता कूलर किंवा कक्षाचा एकच भाग काचेने वेगळा करून थंड ठेवणं जास्त व्यवहार्य आहे.

खुर्चीचा आवाज

गोंगाटाची तक्रार आली की ‘शांतता राखा’ची पाटी लागते. खरा आवाज बरेचदा खुर्ची सरकवण्याचा आणि आपटणाऱ्या दाराचा असतो. ४८ खुर्च्यांच्या १९२ पायांना रबरी बूच, नगाला दहा-पंधरा रुपये. सगळे मिळून दोन-तीन हजार. दाराला क्लोजर, दीड-दोन हजार. संपूर्ण नूतनीकरणात इतक्या कमी पैशांत इतका फरक पाडणारं दुसरं काम नाही.

छत करायचंच असेल तर फरक ओळखा. गुळगुळीत जिप्समचं छत आवाज शोषत नाही, परतवतं. मिनरल फायबरच्या टाइल्स शोषतात. त्यांचा एनआरसी, म्हणजे आवाज शोषण्याचा आकडा ०.५ च्या वर आहे का ते कंपनीच्या माहितीपत्रकात पाहा. चौरस फुटाला १०० ते १४० रुपयांनी १,२०० फुटांचे सव्वा ते पावणेदोन लाख होतात. छत खाली आल्यावर पंखा डोक्यापासून किती वर राहील हेही मोजा. गटाने चर्चा करणाऱ्यांसाठी कक्षाबाहेरच्या व्हरांड्यात दोन टेबलं आणि एक फळा दिला की आतली निम्मी कुजबुज बाहेर जाते.

फर्निचर

जुन्या महाविद्यालयांत सागवानी टेबलं असतात. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्यांचं निर्लेखन करून ती भंगारात काढायची आणि त्याजागी पार्टिकल बोर्डाची आणायची, यासारखा तोट्याचा व्यवहार नाही. ओल्या फडक्याने रोज पुसलेला पार्टिकल बोर्ड कडेने फुगतो. सागवानाला घासून पॉलिश करायला टेबलामागे दीड ते अडीच हजार पुरतात. आडोशाची जागा मागणारे बरेच असतात, त्यांच्यासाठी निम्म्या, म्हणजे २४ जागा कप्प्यांच्या करा: जागेला साडेचार ते सहा हजार. खुर्ची चार पायांची, गादीची, अडीच ते तीन हजारांची घ्या. चाकांची खुर्ची सार्वजनिक जागेत टिकत नाही.

एक टेबल चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मोकळं ठेवा आणि दाराशी १:१२ उताराचा रॅम्प करा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्येच आला आहे. यासाठी वेगळ्या अभिप्रायाची वाट पाहू नये.

एकूण बेरीज

वीज, दिवे, पंखे, बूच आणि भिंती-छताचा रंग (चौरस फुटाला १५ ते २० रुपये) मिळून पावणेदोन ते दोन लाख. खुर्च्या, कप्पे, पॉलिश आणि आवाज शोषणारं छत मिळून साडेतीन ते पावणेपाच लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर सगळं सहा ते आठ लाखांत बसतं. ४८ विद्यार्थी खासगी अभ्यासिकेला महिना १,२०० रुपयांनी वर्षाला सहा लाख ९१ हजार देतात. एवढाच पैसा, पण तिथे तो दरवर्षी जातो.

या बेरजेत एक गोष्ट नाही: वेळ वाढवण्याचा खर्च. रात्री अकरापर्यंत कक्ष उघडा ठेवायचा तर पहारेकऱ्याचे महिन्याला पंधरा-वीस हजार लागतात, आणि हा खर्च थांबत नाही. कमवा व शिका योजनेतल्या विद्यार्थ्यांना देखरेखीचे तास देऊन तो काहीसा आवरता येतो, पण पहारेकरी टाळता येत नाही. अंदाजपत्रक दोन लाखांचंच असेल तर माझं मत सरळ आहे: वीज आणि उजेड करा, उरलेल्या पैशांत वेळ वाढवा, फर्निचरला हात लावू नका.

काम देताना तीन दरपत्रकं घ्या, जीएसटी धरून की सोडून ते प्रत्येकावर लिहून मागा, दहा टक्के रक्कम अनपेक्षित कामांसाठी बाजूला ठेवा आणि ठेकेदाराची पाच ते दहा टक्के रक्कम वर्षभर अनामत ठेवा. वायरिंग आधी, रंग नंतर, हा क्रम मोडला की भिंत दोनदा रंगवावी लागते. काम उन्हाळी परीक्षा संपल्यावर सुरू करा आणि जूनच्या प्रवेशाआधी संपवा. दिवाळीच्या सुट्टीत एवढं काम उरकत नाही.