बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी

आमच्या आळीत एक मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. पौष महिना, थंडी कडाक्याची. आईने खोलीची खिडकी लावली, फटींत चिंध्या कोंबल्या आणि बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली. शेकशेगडीवाचून का बाळंतपण होते? धूर नव्हता. निखारे छान फुलले होते. मग भीती कसली?

पहाटे मुलीचे डोके ठणकू लागले. उलटी झाली. उठू गेली तर पाय लटपटले. बाळ दूध ओढीना. आईचेही डोके जड झाले होते. तिला वाटले, दृष्टच लागली. ती मीठ-मोहऱ्या आणायला अंगणातून स्वयंपाकघरात निघाली, तो बाहेरच्या वाऱ्यात तिला जरा हुशारी वाटली. आजोबांनी विचारले, "अगं, आत शेगडी आहे काय?" त्यांच्या हाकेने आम्ही धावलो. दार सताड उघडले, मायलेकरांना अंगणात आणले, तसेच दवाखान्यात नेले. तेथे प्राणवायू लावला. मायलेकरे वाचली.

असे का झाले? कोळसा नीट जळायला भरपूर हवा लागते. ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू फार निघतो. धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून आपण सावध होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातले तांबडे द्रव्य प्राणवायू वाहून नेते. त्या द्रव्याला हा वायू प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक जोराने चिकटतो. मग प्राणवायूला जागा कुठली? झोपलेला माणूस झोपेतच जातो.

शेगडीजवळ पाण्याचे भांडे ठेवले की झाले, असे पुष्कळजण सांगतात. ते खरे नाही. पाणी हा वायू शोषून घेत नाही. राखेखालचा निखाराही तो सोडतच असतो. म्हणून शेगडी बाहेर पेटवावी, शेकताना दार-खिडकी उघडी ठेवावी, आणि निजण्यापूर्वी शेगडी खोलीबाहेर काढावी. रात्री ऊब हवी तर आणखी एक गोधडी घाला.

शहरात शेगडी नसते, पण न्हाणीघरात गॅसचा गीझर असतो. तोही तसाच घात करतो. गळणाऱ्या गॅसला वास येतो, या वायूला येत नाही. गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्यावा. वीज गेली म्हणून जनरेटर घरात किंवा ओसरीवर चालवू नये.

घरातल्या दोघाचौघांची डोकी एकदम दुखू लागली, मळमळले, आणि ताप मात्र नाही, तर आधी सगळे बाहेर पडा. कोणी बेशुद्ध असेल तर दार उघडून त्याला चटकन ओढून काढा, आत रेंगाळू नका. कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नका. 108 ला फोन करा.

दवाखान्यात शिरताच सांगा, "बंद खोलीत शेगडी होती." कारण प्राणवायू मोजायला बोटाला जो चिमटा लावतात, तो या वायूला फसतो आणि सगळे ठीक आहे असे दाखवतो.