जमिनीची धूप कशी होते?

शेताची सुपीकता वरच्या थोड्याशा थरात साठलेली असते. खडक झिजून एक इंच माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. ती वाहून जाण्यास मात्र थोडे पावसाळे पुरतात.

सोलापूर जिल्ह्यात पाऊस बेताचा, पण सरी जोराच्या. रब्बी ज्वारीसाठी राखलेली काळी राने ऐन पावसाळ्यात उघडीच असतात. थेंबांच्या माऱ्याने ढेकळे फुटतात आणि सुट्या कणांनी जमिनीची छिद्रे बुजतात. मग पाणी न मुरता उताराने धावू लागते. प्रथम साऱ्या शेतावरून मातीचा पातळ पापुद्रा निघतो. तो सहसा ध्यानात येत नाही. पुढे ओघळी पडतात व ओघळींच्या घळी होतात.

उन्हाळ्यात कोरड्या, उघड्या रानांत हेच काम वारा करतो. वाळूचे कण उड्या घेत पुढे जातात. त्यांच्या आघाताने सूक्ष्म धूळ सुटून आकाशात चढते. जाड रेती मागे राहते, कसदार अंश निघून जातो.

यावर उपाय म्हणजे जमीन झाकावी व पाण्याचा वेग मोडावा. १९४२ साली मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला व समपातळीच्या बांधांना चालना मिळाली. उतारास आडवी नांगरट व बांधावरील गवत यांचाही तोच हेतू होय.

शिक्षकांनी दोन खोक्यांत माती भरावी, एकात गवत रुजवावे, दोन्ही खोकी सारखी उतरती ठेवून त्यांवर झारीने सारखेच पाणी घालावे. खाली भांड्यांत जमलेले पाणी मुलांना दाखवावे. गढूळ भांड्यात तळाशी बसते, ते शेतकऱ्याचे भांडवलच होय.