डेबिट की क्रेडिट? वाडीतल्या एका घरातले तीन सल्ले

प्रश्न : आम्ही वाडीत राहतो. माझ्या पर्समध्ये डेबिट आणि क्रेडिट अशी दोन्ही कार्डे आहेत. यजमान म्हणतात, डेबिटच वापर, ते आपले पैसे. क्रेडिट म्हणजे कर्ज. मुलगा म्हणतो, आई, सगळे क्रेडिटवर घे, दीड महिना पैसे फुकट वापरायला मिळतात, वर पॉइंटही. आणि कोपऱ्यावरचा किराणावाला क्रेडिट कार्ड पाहिले की दोन टक्के जास्त मागतो. रोजच्या खरेदीला नेमके कोणते कार्ड काढावे?
— एक वाचक, वाडी, बडोदे

उत्तर : तुमच्या घरात आणि कोपऱ्यावर मिळून तिघांनी तीन सल्ले दिले आहेत, आणि गंमत अशी की तिघांचेही थोडे थोडे खरे आहे. यजमान कर्जाबद्दल बोलताहेत, चिरंजीव मुदतीबद्दल आणि वाणी स्वतःच्या खर्चाबद्दल. या तिन्ही गोष्टी आधी सुट्या करू.

कार्ड मशीनला लावले की दुकानातून निरोप तुमच्या बँकेकडे जातो. कार्ड डेबिट असेल तर बँक खात्यातली शिल्लक पाहते आणि तेवढी रक्कम तिथल्या तिथे वजा करते. क्रेडिट असेल तर तुमच्या शिलकीशी तिला कर्तव्य नसते. ठरवून दिलेल्या मर्यादेत जागा आहे ना, एवढेच ती पाहते, दुकानदाराला पदरचे पैसे देते आणि रक्कम तुमच्या नावावर मांडून ठेवते. वाणी वहीत महिन्याचे सामान लिहून ठेवतो, तसाच हा व्यवहार. फरक इतकाच की वाणी ‘बेन, आवता महिने आपजो’ म्हणतो आणि व्याज लावत नाही.

म्हणजे क्रेडिट हे कर्ज आहे, हे यजमानांचे म्हणणे अगदी बरोबर. पण ते नव्या पिढीचे खूळ आहे असे त्यांना वाटत असेल, तर तेवढे मात्र खरे नाही. सयाजीराव महाराजांनी २० जुलै १९०८ रोजी बडोद्यात स्थापन केलेली बँक ऑफ बडोदा १९८४ पासून क्रेडिट कार्डे देते आहे. देशातले पहिले एटीएम त्यानंतर तीन वर्षांनी, १९८७ मध्ये, मुंबईत बसले. डेबिट कार्ड त्याच्याही नंतरचे. घरातले ‘जुने, खात्रीचे’ कार्ड वयाने धाकटे आहे.

आता चिरंजिवांचा दीड महिना. समजा तुमचे बिल दर महिन्याच्या २० तारखेला निघते आणि ते पुढच्या १० तारखेपर्यंत भरायचे आहे. २१ जूनला घेतलेली वस्तू २० जुलैच्या बिलात येते आणि पैसे १० ऑगस्टला द्यायचे असतात. हे झाले ५० दिवस. तीच वस्तू १९ जुलैला घेतली तर तीही त्याच बिलात, म्हणजे हाती फक्त २२ दिवस. रोज थोडी थोडी खरेदी करणाऱ्याला सरासरी पाचेक आठवडेच मिळतात. दीड महिना मिळतो तो फक्त बिल निघाल्यानंतर लगेच खरेदी करणाऱ्याला.

बरे, या मुदतीची किंमत किती? महिन्याला १०,००० रुपयांची खरेदी आणि बचत खात्यावर वर्षाला अडीच टक्के व्याज धरा. पैसे एक महिना जास्त खात्यात राहिले तर २१ रुपये सुटतात. एवढाच तो ‘फुकट वापर’. पॉइंटांचे मोल बहुतेक साध्या कार्डांवर खरेदीच्या एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी पडते. म्हणजे १०,००० वर फार तर शंभरेक रुपये. त्यातून कार्डाची वार्षिक फी आणि तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी वजा करा. उरले तर घ्यावेत, नाही कशाला म्हणा. पण त्या पॉइंटांपायी जास्तीचे दोन डबे घरात आले तर हिशेब उलटा फिरतो.

खरी मेख बिलावरच्या ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ या ओळीत आहे. पुष्कळांना वाटते की तेवढी रक्कम भरली की काम झाले, व्याज लागणार नाही. तेवढे भरले की उशिराचा दंड टळतो आणि थकबाकीदार म्हणून नोंद होत नाही. व्याज मात्र लागतेच. शिवाय ते १० तारखेपासून नव्हे, तर खरेदीच्या दिवसापासून.

आकडे मांडूनच पाहू. ५ जूनला १०,००० रुपयांची खरेदी केली. २० जूनला बिल आले, त्यात किमान रक्कम ५०० रुपये. तुम्ही १० जुलैला बरोबर ५०० भरले. उरले ९,५००. व्याज महिना साडेतीन टक्के धरू. वर्षाचे झाले ४२ टक्के आणि क्रेडिट कार्डांच्या जगात हा दर अजिबात नवलाचा नाही. या ९,५०० वर रोज जवळजवळ ११ रुपये व्याज चढते. ५ जून ते २० जुलै, ४५ दिवसांचे झाले ४९२ रुपये. व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ८८. पुढच्या बिलात एकूण ५८० रुपयांची भर. भरले ५००, चढले ५८०.

आणि गोष्ट इथे संपत नाही. मागचे बिल पूर्ण भरले नाही की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही बंद होते. मग ११ जुलैला घेतलेल्या तेलाच्या डब्यावरही त्याच दिवसापासून व्याज. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान रक्कम अशी ठरवावी लागते की ती वेळेवर भरणाऱ्याचे मुद्दल फुगत जाऊ नये. पण ‘फुगत नाही’ आणि ‘फिटते’ यांच्यात वर्षानुवर्षांचे अंतर असू शकते. कायद्याने व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा आहे, असेही काही जण छातीठोकपणे सांगतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तसा निकाल दिला होता खरा, पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला. त्या भरवशावर राहू नका.

तेव्हा एकीकडे महिन्याला २१ रुपये आणि थोडे पॉइंट, दुसरीकडे एका हुकलेल्या महिन्याचे ५८०. माझ्या मते ज्यांचे महिन्याचे बिल एकदाही अर्धवट राहत नाही, त्यांनीच रोजच्या खर्चाला क्रेडिट कार्ड वापरावे, आणि तेही खात्यातून पूर्ण रक्कम आपोआप वळती होण्याची सोय करून. ती सोय करताना अर्जावर ‘संपूर्ण रक्कम’ आणि ‘किमान रक्कम’ असे दोन पर्याय असतात. खूण कुठे केली आहे ते दोनदा पाहा. किमान रकमेवर खूण करून वर्षभर निर्धास्त बसणारी माणसे थोडीथोडकी नाहीत.

आता तुमच्या किराणावाल्याकडे वळू. तो लोभी नाही, निदान या बाबतीत तरी नाही. कार्डाने पैसे घेतले की दुकानदाराच्या रकमेतून बँक काही भाग कापून घेते. क्रेडिट कार्डावर तो साधारण दोन टक्क्यांच्या आसपास जातो. दोन हजारांच्या सामानावर चाळीस रुपये. साखर-तेलावर त्याला सुटतेच किती, त्यातले चाळीस गेले की तो कां-कूं करणारच. डेबिटची गोष्ट वेगळी. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवरचे हे शुल्क १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे. इतर डेबिट कार्डांवर वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या दुकानदाराला जास्तीत जास्त ०.४० टक्के लागू शकते, आणि ते गिऱ्हाइकाकडून वसूल करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. म्हणून डेबिट कार्डावर कोणी दोन टक्के मागितले तर हसत हसत नाही म्हणावे. क्रेडिटवर मागितले तर पॉइंटांचा एक टक्का मिळवायला दोन टक्के मोजायचे का, हे तुम्हीच ठरवा.

इथपर्यंत वाचून यजमान जिंकले असे वाटेल. थांबा. एक मुद्दा असा आहे जिथे डेबिट कार्ड मागे पडते, आणि तो म्हणजे काही गडबड झाली तर.

समजा तुमच्या कार्डाची माहिती कुठून तरी चोरीला गेली आणि कोणी वीस हजारांची खरेदी केली. लोक सांगतात की क्रेडिट कार्डाला कायद्याचे संरक्षण असते, डेबिटला नसते. हे चूक. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेला नियम दोन्हींना सारखा आहे : दोष तुमचा नसेल आणि बँकेकडून सूचना आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवले, तर तुमच्यावर काहीच बोजा नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत झळ बसू शकते. क्रेडिट कार्डाची मर्यादा पाच लाखांपर्यंत असेल तर त्यालाही तेवढीच. तक्रार मिळाल्यापासून कामाच्या दहा दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते. आणि ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे सगळे नुकसान आपले, कार्ड कोणतेही असो.

मग फरक काय? ते दहा दिवस. क्रेडिट कार्डावर अडकतात ते बँकेचे पैसे. तुम्ही तक्रार नोंदवता आणि तुमचे खाते जागच्या जागी राहते. डेबिट कार्डावर अडकतात ते तुमचे. त्याच खात्यातून घराचा हप्ता जायचा असेल, विजेचे बिल वळते व्हायचे असेल, तर पैसे परत मिळणार आहेत म्हणून हप्ता थांबत नाही. तो परत जातो आणि वर दंड लागतो. ऑनलाइन मागवलेली साडी परत केली, हॉटेलने आगाऊ रक्कम अडकवून ठेवली, तरी हेच. ज्या खरेदीत पैसे परत येण्याची वेळ येऊ शकते, तिथे क्रेडिट कार्ड बरे, ते याच कारणाने. फ्रिज, विमानाचे तिकीट, अनोळखी संकेतस्थळावरची खरेदी या सगळ्या त्या जातीच्या.

दूध, भाजी, पाव यांना मात्र दोन्ही कार्डे नकोत. खंडेराव मार्केटमधल्या भाजीवालीकडे मशीन नसते, क्यूआरचा कागद असतो. तिथे यूपीआयने दिलेले पैसे डेबिट कार्डातून जातात असा समज आहे. पिन ठरवताना कार्डाचे शेवटचे सहा आकडे विचारतात, त्यातून तो झाला असावा. प्रत्यक्षात पैसे थेट खात्यातून जातात, कार्ड घरी कपाटात असले तरी. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्डही यूपीआयला जोडता येते. सोय उत्तम, पण मग वीस रुपयांची कोथिंबीरसुद्धा कर्जाने येते आणि महिन्याच्या बिलात अशा दीडशे ओळी असतात. त्यातली एखादी आपली नाही, हे कोण शोधणार? रोजचा किरकोळ खर्च मी तरी खात्यातूनच करीन, आणि त्यासाठी थोडे पैसे ठेवलेले वेगळे खाते जोडीन.

पेट्रोलपंपावर क्रेडिट कार्डाला एक टक्का अधिभार लागतो. पुष्कळ कार्डे ठरावीक रकमेच्या दरम्यान तो परत देतात, त्यावरचा जीएसटी देत नाहीत. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोकड मात्र कधीही काढू नये : सुरुवातीलाच शुल्क आणि पहिल्या दिवसापासून व्याज, बिनव्याजी मुदत नाहीच. रोकडीला डेबिट. आपल्या बँकेच्या एटीएममध्ये महिन्याला पाच व्यवहार मोफत. बडोदे महानगरांच्या यादीत नसल्याने इतर बँकांच्या एटीएममध्येही पाच, मुंबईकरांना तीनच. त्यापुढे १ मे २०२५ पासून प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत आणि वर कर.

दोन्ही कार्डांवर एक काम आजच करता येईल. बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी वापर, ऑनलाइन वापर आणि न घासता नुसते टेकवून पैसे देणे या प्रत्येकासाठी वेगळी कळ असते. टेकवून ५,००० रुपयांपर्यंत पिन न विचारता जातात. डेबिट कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन वापर बंद ठेवावा, एटीएमची रोजची मर्यादाही उतरवून ठेवावी. लागले की दोन मिनिटांत उघडता येते.

एवढे वाचून यजमानांनी क्रेडिट कार्ड परतच करायचे ठरवले, तर तेही सोपे आहे. बाकी काही नसेल तर अर्ज दिल्यावर कामाच्या सात दिवसांत बँकेने कार्ड बंद केले पाहिजे, नाही केले तर बंद होईपर्यंत दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे, असा २०२२ पासूनचा नियम आहे. अर्जाची पोच तेवढी घेऊन ठेवा.