तिकिटावरचे तास आणि आकाशातले अंतर

आपल्या भागातील व्यापारी व कारागीर बांधव आता मालाच्या सौद्यासाठी दुबई, जेद्दाहपर्यंत जातात. तिकीट एजंट काढून देतो, पण त्यावरचा हिशेब वाचता न आल्याने ठरलेली भेट चुकते आणि भाडेही बुडते. म्हणून हा हिशेब आज आपण समजून घेऊ.

प्रथम अंतर. विमानाचे अंतर कागदी नकाशावर पट्टी ठेवून मोजू नये. पृथ्वी गोल आहे. खांद्यावरून टेप फिरवताना शिंपी तो सपाट धरत नाही, तसेच हे आहे. पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणला, की खरा जवळचा मार्ग दिसतो. असे मोजले तर मुंबई ते दुबई सुमारे १९३० किलोमीटर, मुंबई ते जेद्दाह सुमारे ३५०० आणि चिकलठाणा ते मुंबई अवघे २८०.

आता वेळ. किलोमीटरला ८०० ने भागावे आणि पाऊण तास मिळवावा. हा पाऊण तास धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे यांत जातो. दुबईचे उत्तर सव्वातीन तासांच्या आतबाहेर येते, जेद्दाहचे पाच तासांच्या थोडे वर. चिकलठाण्याहून मुंबईला तासभर लागतो तो याच पाऊण तासामुळे, नाहीतर अंतर वीस-बावीस मिनिटांचेच आहे! उंचावरचा वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्यामुळे जेद्दाहला जाताना साडेपाच तास धरावेत, येताना पाच.

खरी फसगत घड्याळाची होते. तिकिटावर त्या त्या गावची वेळ छापलेली असते. जेद्दाह आपल्यापेक्षा अडीच तास मागे, दुबई दीड तास. मुंबईहून सकाळी १० ला निघून जेद्दाहला दुपारी १ ला पोहोचलो, तर प्रवास तीन तासांचा नव्हे, साडेपाच तासांचा झाला. परतताना रात्री १० ला निघून पहाटे ५.३० ला मुंबईत उतरलो, तर साडेसात वाटतात, पण विमानात पाचच तास गेले.

आणि तारीख! समजा, उमापूरच्या एका व्यापाऱ्याचे विमान १२ तारखेला रात्री १२.४० ला आहे. ही रात्र म्हणजे ११ तारखेचीच रात्र. तीन तास आधी पोहोचायचे, म्हणजे ११ ला रात्री पावणेदहापर्यंत मुंबई विमानतळावर हजर. बीड जिल्ह्यात प्रवासी विमानसेवा नाही, तेव्हा रस्त्याने जायचे असो वा चिकलठाण्याहून विमानाने, उमापूर ११ च्या सकाळीच सोडावे. १२ ला संध्याकाळी निघणाऱ्याचे विमान आदल्या रात्रीच गेलेले असते, आणि अशा तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

चिकलठाणा-मुंबई आणि मुंबई-जेद्दाह ही तिकिटे वेगवेगळी काढली, तर पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. तिचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. मुंबईत सामान सोडवून पुन्हा जमा करावे लागते ते निराळेच. शक्यतो दोन्ही टप्पे एकाच तिकिटात मागावेत. तसे मिळाले नाही, तर मध्ये निदान पाच-सहा तास मोकळे ठेवूनच पहिले विमान निवडावे.